जत्रेच्या नाटकाची चित्रफीत हातोहात फिरताना का बिघडते?

उत्तर वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पेडणे तालुक्यातील तुमच्या हौशी नाट्यमंडळाने २००६ साली देवळाच्या जत्रेत एक पौराणिक नाटक केले आणि त्याचे चित्रण मिनीडीव्ही, म्हणजे लहान डिजिटल कॅसेटच्या, कॅमेऱ्यावर झाले. त्याची डीव्हीडी निघाली, पुढे कोणीतरी त्या डीव्हीडीवरून एमपी४ फाइल केली आणि तीच आजवर ग्रुपमधून फिरत राहिली. यंदाचा प्रयोग तुम्ही मोबाइलवर घेतला. दोन्ही फाइली मुंबईतील आणि आखातातील नातेवाइकांपर्यंत पोचल्या तेव्हा तक्रारी आल्या. जुन्या नाटकात युद्धाच्या प्रसंगी पात्रांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, माणसे रुंद आणि बुटकी वाटतात, धुरात चौकोन पडतात. नव्या नाटकात उजेडाचे पट्टे पडद्यावरून सरकतात, चेहरे पांढरेफटक आहेत आणि तिसऱ्या अंकापर्यंत ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे अशी अवस्था होते. तुमचे विचारणे असे की फाइल १०८० ची असूनही हे का होते आणि कोणत्या सॉफ्टवेअरने ते नीट करता येईल.

मी फोंड्यात पंचवीसेक वर्षे नाटके, भजनी सप्ताह आणि लग्ने यांचे चित्रण आणि संकलन करतो. सॉफ्टवेअरचा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारते आणि मी त्याला रोज तेच उलटे विचारतो, की तुमच्या हातात जी प्रत आहे ती मुळापासून कितवी? कारण वर सांगितलेल्या प्रत्येक दोषाचे जन्मस्थान वेगळे आहे. काही कॅमेऱ्यात शिरले, काही संकलनात, काही फाइल लहान करताना. जो दोष ज्या टप्प्यावर शिरला त्याच्या आधीची प्रत मिळाली तर इलाज सोपा असतो. ती मिळाली नाही तर पुष्कळदा इलाज नसतोच आणि सॉफ्टवेअर फक्त जखमेवर पावडर लावते.

प्रथम त्या '१०८०' कडे पाहू. तुमची जुनी फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडली तेव्हा त्यात १९२० × १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, लांबी २ तास ४० मिनिटे आणि आकार १.२ जीबी असे दिसले. २ तास ४० मिनिटे म्हणजे ९,६०० सेकंद. १.२ जीबीला ८ ने गुणून त्याला ९,६०० ने भागले की सेकंदाला सुमारे १० लाख बिट येतात, म्हणजे एक मेगाबिट, आणि त्यात आवाजाचाही वाटा आहे. एका फ्रेमला आले ४० हजार बिट, तर त्या फ्रेममध्ये पिक्सेल आहेत २० लाखांहून अधिक. साधारण ५२ पिक्सेलांना मिळून एक बिट वाट्याला आला. १०८० हा आकडा फक्त पाटी केवढी आहे ते सांगतो. पाटीवर काय लिहिले आहे ते बिटरेटवरून, म्हणजे सेकंदाला किती बिट मिळतात त्यावरून, कळते. तुलनेसाठी मूळ कॅसेटचा हिशेब घ्या. डीव्ही पद्धतीत चित्र ७२० × ५७६ एवढेच असते, पण चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट मिळतात, म्हणजे दर पिक्सेलला जवळजवळ अडीच बिट. मधली डीव्हीडी ४.७ जीबीची. त्यात पूर्ण नाटक कोंबले असल्यामुळे सेकंदाला चार मेगाबिटांपेक्षा थोडे कमीच मिळाले, तेही एमपेग-२ या जुन्या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीत. तुमच्या एमपी४ मधील एच.२६४ हा कोडेक २००३ सालचा आणि एमपेग-२ पेक्षा पुष्कळ काटकसरी आहे, हे मान्य करूनही एवढी मोठी खाई तो भरून काढू शकत नाही. शिवाय चित्र ५७६ ओळींवरून १०८० ओळींवर ताणले तेव्हा तपशील वाढला नाही, फक्त तोच तपशील जास्त जागेत पसरला आणि त्या पसरलेल्या जागेसाठीही बिट खर्ची पडले.

आता त्या बिटांचे कोडेक काय करतो ते समजून घेतले की धुरातील चौकोनांचे कोडे सुटते. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक फ्रेम पूर्ण ठेवतो, जिला आम्ही कीफ्रेम म्हणतो, आणि पुढच्या फ्रेमांसाठी 'मागच्यातील हा तुकडा एवढा सरकला, इथे एवढा बदल झाला' अशी टिपणे ठेवतो. चित्राचे चौकोनी तुकडे पाडून हे काम चालते, एच.२६४ मध्ये मूळ तुकडा १६ × १६ पिक्सेलांचा असतो. रंगमंचावर नुसता राजा सिंहासनावर बसून बोलत असेल तर मागचा पडदा जागचा हलत नाही आणि टिपणे अगदी थोडी लागतात. पण देव प्रकट होतो, धुराचे यंत्र सुरू होते, लाल-निळे दिवे आलटून पालटून पेटू लागतात, तेव्हा कोणताही तुकडा मागच्या फ्रेममधील कोणत्याही तुकड्यासारखा राहत नाही. जुनी टिपणे निरुपयोगी होतात, नवी लिहायला बिट पुरत नाहीत, मग कोडेक प्रत्येक चौकोनाला जेमतेम एक सरासरी छटा देऊन मोकळा होतो. तेच तुमचे चौकोन. अंधारात घेतलेल्या चित्रातील दाणेही हेच करतात, कारण दर फ्रेमला प्रत्येक दाणा नवा असतो आणि कोडेकला तो दाणा आहे की भरजरी शालूवरची टिकली आहे हे कळत नाही. म्हणून अंधाऱ्या मंचाची फाइल त्याच बिटरेटवर उजेडातल्या फाइलीपेक्षा वाईट दिसते, आणि म्हणूनच फाइल लहान करण्याआधी दाणे किंचित कमी करून घेतले तर उरलेले बिट चेहऱ्यांच्या कामी येतात. किंचित म्हटले ते जाणूनबुजून. हे फिल्टर जोरात लावले की रंगवलेले चेहरे मेणाचे दिसू लागतात.

कंगव्याच्या दातांचा विषय थोडा सविस्तर सांगतो, कारण जुनी नाटके चढवणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण इथेच चुकतात. आपल्याकडील जुने कॅमेरे पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचे, सेकंदाला २५ फ्रेमांचे, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी आणि १/५० सेकंदानंतरच्या दुसऱ्या फील्डमध्ये मधल्या ओळी. यालाच इंटरलेस म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर ही दोन फील्डे एकामागून एक उमटत, त्यामुळे हालचाल सेकंदाला ५० वेळा बदलताना दिसे आणि डोळ्याला ती सलग वाटे. आजचा मोबाइल मात्र पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो. तुमच्या फाइलीत ४१ व्या मिनिटाला भीम गदा फिरवतो तिथे मी थांबलो आणि एकेक फ्रेम पुढे नेली. व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये इंग्रजी ई ही कळ दाबली की तसे करता येते. हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरत असेल तर दुसरे फील्ड घेतले जाईपर्यंत तो सहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे एकाच फ्रेममध्ये सम ओळींवरची गदा एका जागी आणि विषम ओळींवरची दुसऱ्या जागी दिसते, आणि कडा करवतीसारखी होते. मागचा पडदा, खांब, सिंहासन मात्र अगदी स्वच्छ, कारण ते हलत नाहीत. दोष फक्त हालचालीत दिसतो ही इंटरलेसची खूण.

हे दाते काढणे कठीण नाही, पण ते योग्य वेळी काढावे लागतात. दोन्ही फील्डे आपापल्या ओळींवर शाबूत असतील तर डीइंटरलेस करणारा, म्हणजे इंटरलेस सोडवणारा, फिल्टर प्रत्येक फील्डमधून एक पूर्ण चित्र बांधतो. फाइल नव्याने बनवणाऱ्या हँडब्रेक या प्रोग्राममध्ये यासाठी यॅडिफ आणि बीडब्ल्यूडिफ असे पर्याय आहेत, आणि त्यातही 'बॉब' ही निवड केली तर २५ ऐवजी सेकंदाला ५० फ्रेम मिळतात. बहुतेक जण २५ वरच थांबतात आणि निम्मी हालचाल टाकून देतात. गदायुद्ध, फुगडी, घुमट या वाद्यावरची बोटे अशा ठिकाणी हा फरक कोणालाही जाणवेल. फील्डांचा क्रमही बघावा लागतो. डीव्हीमध्ये खालच्या ओळींचे फील्ड आधी असते, एचडी कॅमेऱ्यांत वरच्या ओळींचे. क्रम उलटा धरला गेला तर चालणारे पात्र दोन पावले पुढे आणि एक मागे असे थरथरत जाते. ग्राहक त्याला 'कॅमेरा हलला' म्हणतो, पण कॅमेरा तिपाईवर ठाम असतो.

तुमच्या फाइलीचे दुखणे मात्र याच्या पुढचे आहे. ज्याने डीव्हीडीवरून एमपी४ केली त्याने डीइंटरलेस न करताच ५७६ ओळी ताणून १०८० केल्या. ताणताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, म्हणजे दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रे एकमेकांत कालवली गेली. फाइलीवर नोंद 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे फील्डे नसलेले पूर्ण फ्रेमचे चित्र, अशी झाली, त्यामुळे चालवणाऱ्या प्रोग्रामलाही यात इंटरलेस दडले आहे हे कळत नाही. आता फिल्टर लावला तर दाते पुसट होतील, पण त्यांच्या जागी दुहेरी सावली येईल. यातून सुटका एकच, मागे जाणे. डीव्हीडीवर फील्डे अजून शाबूत आहेत. तिच्यातील व्हीओबी फाइली, प्रत्येकी साधारण एक जीबीच्या, क्रमाने घेऊन त्यांवरून नवी फाइल करा. कॅसेट सापडल्या तर डीव्हीडीही विसरा, कारण कॅसेटवर चौकोन नाहीत, दर पिक्सेलला अडीच बिट आहेत आणि जत्रेच्या रात्रीचा धूर धुरासारखा आहे.

माणसे रुंद का दिसतात हा त्याच चुकीचा धाकटा भाऊ. २००६ चे तुमचे चित्र ४:३ आकाराचे होते. ते १६:९ च्या पाटीवर ताणून बसवले की रुंदी एकतृतीयांशाने वाढते. पाल चित्राचे पिक्सेल चौरस नसतात, म्हणून ७२० × ५७६ हे चौरस पिक्सेलांत ७६८ × ५७६ असे धरावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्याव्यात. पट्ट्या नकोत म्हणून डोक्यावरचा मुकुट आणि पायातील चाळ कापणारे संकलक मी पाहिले आहेत.

आता नवी फाइल. उजेडाचे पट्टे हा कोडेकचा दोष नाही आणि मोबाइलचाही म्हणता येत नाही. तो विजेच्या आणि कॅमेऱ्याच्या तालांचा बेबनाव आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातील ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मोबाइल मुळात सेकंदाला ३० फ्रेमांवर लावलेला असतो. १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही, १० उरतात, आणि तेवढ्याच म्हणजे सेकंदाला १० लुकलुकी चित्रात उतरतात. मोबाइलचा सेन्सर वरून खाली ओळ ओळ वाचत जातो, म्हणून ती लुकलुक सगळ्या चित्रावर एकदम न दिसता पट्ट्यांच्या रूपात सरकताना दिसते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० असे ठेवले की पट्टे जातात. बहुतेक मोबाइलांच्या 'प्रो' मांडणीत किंवा एखाद्या वेगळ्या कॅमेरा ॲपमध्ये हे लावता येते. मंद करण्यासाठी स्वतःच्याच वेगाने चालू-बंद होणारे काही एलईडी पार, म्हणजे रंगमंचाचे रंगीत दिवे, असतात, त्यांच्यापुढे हा उपायही चालत नाही. अशा वेळी पडदा उघडण्याआधी दिवे लावून दोन मिनिटे चाचणी चित्रण करावे आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला ते दिवे पूर्ण तेजावर ठेवायला सांगावे. आधीच घेतलेल्या फाइलीतील पट्टे काढण्याचे फिल्टर आहेत, पण रंगीत दिव्यांत ते फसतात. यंदाच्या प्रयोगातील पट्टे तुम्हाला बहुधा सोबतच घेऊन राहावे लागेल.

चेहरे पांढरे होण्याची दोन कारणे संभवतात आणि त्यांतले तुमचे कोणते हे पाच मिनिटांत कळते. ज्या मोबाइलवर चित्रण केले त्याच मोबाइलवर मूळ चित्रण चालवून बघा. तिथे चेहरे नीट दिसत असतील तर चित्रण एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत, झाले आहे, आणि ज्याला एचडीआर समजत नाही अशा प्रोग्रामने त्याची फाइल करताना उजेड चुकीचा वाचला. मूळ चित्रण घेऊन ते साध्या पद्धतीत रीतसर उतरवले की चेहरे परत येतात. पण त्या मोबाइलवरही चेहरे पांढरेच असतील तर दोष त्या रात्रीचा आहे. मागे काळा पडदा, पुढे उजळ रंग लावलेला चेहरा. स्वयंचलित मोबाइल सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, काळे जास्त दिसते म्हणून उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. जळलेल्या जागेत तपशील उरलेलाच नसतो. पुढच्या वेळी बोट चेहऱ्यावर दाबून धरून उजेड तिथेच अडकवून ठेवावा, एवढेच. काळा पडदा राखाडी आणि सगळे चित्र पाणी घातल्यासारखे दिसत असेल तर ते प्रकरण तिसरे असते. व्हिडिओमध्ये काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हे आकडे वापरण्याची रीत आहे, संगणक ० ते २५५ मोजतो, आणि या दोघांमध्ये एकाने दुसऱ्याचे चुकीचे ऐकलेले असते. ही एका खुणेने सुधारणारी चूक आहे.

ओठ आणि शब्द यांच्याविषयी तुम्ही सगळ्यांत कमी लिहिले आहे, पण नाटकाच्या बाबतीत मी यालाच सगळ्यांत मोठा दोष मानतो. चित्र थोडे मऊ असले तर प्रेक्षक दहा मिनिटांत विसरतो, पण संवाद तोंडापासून सुटला की नाटक बघवत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की माणसाला ते जाणवू लागते. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढे गेला तरी कळते. उशिराला आपण अधिक क्षमा करतो, कारण दूरचा आवाज उशिरा येतो याची कानाला सवय असते. देवळाच्या प्रांगणात कॅमेरा रंगमंचापासून २० मीटर मागे लावला तर आवाजच त्याच्यापर्यंत दीड फ्रेम उशिरा पोचतो; कॅमेऱ्याच्या माइकवर संपूर्ण नाटक घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फरक कसा वाढतो हे पाहिले की कारण सापडते. नांदीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल तर आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की झाले. एका विशिष्ट मिनिटाला एकदम उडी मारून वाढत असेल तर ती फाइलींच्या जोडाची जागा असते. अनेक कॅमेरे कार्डावर ४ जीबीची एक फाइल भरली की दुसरी सुरू करतात आणि हे तुकडे नीट न जोडता नुसते एकापुढे एक ठेवले की प्रत्येक जोडावर आवाजाची काही फ्रेम गळतात. तुमचा फरक मात्र हळूहळू वाढतो. पहिल्या अंकात कोणाच्या ध्यानात आला नाही, दुसऱ्यात शंका आली आणि तिसऱ्यात मुलांनीही सांगितले, असे तुम्ही लिहिले आहे. याला दोन कारणे असू शकतात. ध्वनिव्यवस्थेतून वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला असेल तर दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० एवढाच फरक असला तरी २ तास ४० मिनिटांत जवळजवळ अर्धा सेकंद होतो. आवाजाची लांबी तेवढीच ताणली की हे सुधारते, आणि स्वरात कोणालाही फरक कळत नाही.

पण तुम्ही म्हणता की आवाज मोबाइलचाच आहे. तर मग कारण दुसरे. मोबाइल सेकंदाला काटेकोर ३० फ्रेम घेत नाही. अंधार झाला की वेग थोडा उतरवतो, गरम झाला की एखादी फ्रेम चुकवतो, आणि प्रत्येक फ्रेमवर ती केव्हाची याची वेळ लिहून ठेवतो. ही वेळ वाचणारा प्रोग्राम नाटक बरोबर दाखवतो. काही संकलन प्रोग्राम मात्र वेळ न वाचता फ्रेम मोजतात आणि प्रत्येक फ्रेम १/३० सेकंदाची धरतात. प्रत्यक्ष सरासरी २९.९७ असेल आणि ती ३० धरली गेली तरी तुमच्या नाटकाच्या लांबीत ९.६ सेकंदांचा फरक पडतो. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेटच्या रकान्यात 'व्हेरिएबल' असे दिसले की मोबाइलची मूळ फाइल संकलनात घालण्याआधी हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्यावी, बिटरेट भरपूर ठेवून. यंदाच्या प्रयोगाचे हे दुखणे त्यामुळे पूर्ण बरे होण्यासारखे आहे, मूळ फाइल मोबाइलमध्ये अजून असेल तर. आजच ती संगणकावर उतरवून घ्या; जागा नाही म्हणून मोबाइल रिकामा करण्याची वेळ चवथीच्या आसपास हमखास येते.

पाठवण्याविषयी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते, आणि दाबलेली फाइल कोणी पुन्हा कापून, त्यावर मंडळाचे नाव घालून पुढे पाठवली की ती आणखी एकदा दाबली जाते. प्रत्येक वेळी कोडेक मागच्या वेळचे चौकोन हेच खरे चित्र समजून इमानाने जपतो आणि त्यावर आपले नवे चौकोन घालतो. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. त्याहून मोठी असेल तर ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा, आणि उतरवल्यानंतर फाइलीचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते बघायला सांगावे, कारण अर्धवट उतरलेली एमपी४ पुष्कळदा उघडतच नाही. फाइलीची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिलेली असते आणि शेवटच आलेला नसतो.

यूट्यूबवर काहीही चढवले तरी ते पुन्हा एन्कोड होते, म्हणजे नव्याने दाबले जाते, हे गृहीत धरून त्याला शक्य तेवढे चांगले द्यावे. १०८० साठी सेकंदाला २५-३० फ्रेमांना ८ मेगाबिट आणि ५० फ्रेमांना १२ मेगाबिट अशी त्यांची शिफारस आहे. चढवल्याबरोबर पाहून निराश होऊ नका, आधी लहान आकाराच्या प्रती तयार होतात आणि मोठी थोड्या वेळाने येते. इथे एक गोष्ट वर म्हटलेल्याच्या उलट वाटेल, पण ती सांगायलाच हवी. सेकंदाला ५० फ्रेमांची प्रत यूट्यूब ७२० ओळींपासून पुढेच देते. म्हणून जुनी कॅसेट डीइंटरलेस करून ५० फ्रेमांची केल्यावर मी ती १४४० × १०८० अशी ताणूनच चढवतो. तपशील वाढावा ही अपेक्षा त्यात नसते. पाटी मोठी दिसली की तिकडून बिट जास्त मिळतात आणि गदा ५० फ्रेमांनी फिरते, एवढाच हेतू. क्रम मात्र पाळावा, आधी डीइंटरलेस आणि मग ताणणे. हँडब्रेकमध्ये गुणवत्तेच्या पट्टीवर आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. जपून ठेवायच्या प्रतीसाठी मी १८ च्या आसपास ठेवतो, आणि आकडा सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते हे ध्यानात ठेवून ग्रुपसाठी वेगळी लहान प्रत करतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र स्पष्ट करणाऱ्या प्रोग्रामविषयी तुम्ही शेवटी विचारले आहे. तुमच्या फाइलीचा अर्धा मिनिट मी त्यातून काढून पाहिला. मुकुटाचे मणी लखलखीत आले, पडद्यावरचे झाड सुरेख आले, आणि मागे उभ्या असलेल्या द्वारपालाला एक नीटस, तरुण, कोणाचाच नसलेला चेहरा आला. तो द्वारपाल तुमचे थोरले काका आहेत असे तुम्हीच लिहिले होते. दहाबारा पिक्सेलांच्या चेहऱ्यातून प्रोग्राम चेहरा शोधत नाही, रचतो. पडद्यासाठी तो वापरा, माणसांसाठी मी वापरणार नाही.

तेव्हा जुन्या नाटकासाठी कॅसेटच शोधा. २ तास ४० मिनिटांचे नाटक म्हणजे ६० मिनिटांच्या तीन कॅसेट असाव्यात आणि त्या बहुधा ज्यांनी चित्रण केले त्यांच्या कपाटात असतील. उतरवताना कॅमेऱ्याच्या फायरवायर, म्हणजे डीव्ही चित्रण संगणकावर नेण्याच्या, सॉकेटातूनच उतरवाव्यात. त्या वाटेने कॅसेटवरचे बिट जसेच्या तसे येतात, तासाला साधारण १३ जीबी, तर त्याच कॅमेऱ्याच्या यूएसबीतून पुष्कळदा हलकी प्रत येते. आपल्या दमट हवेत टेपेवर बुरशी धरते. खिडकीतून टेपेच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नका, अगदी 'एकदा लावून बघू' म्हणूनही नको. टेप चिकटून फाटते आणि बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, जाऊन पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब करते. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पाऊस सुरू होण्याआधी साफ करणाऱ्याकडे न्या. चित्रात मधूनमधून लहान चौकोन उडत असतील तर बहुतेक वेळा हेड मळलेले असते, टेप खराब झालेली नसते. आणि कॅसेटवर 'एलपी' असे लिहिलेले असेल, म्हणजे एका कॅसेटवर जास्त वेळ बसवण्यासाठी टेप हळू चालवून चित्रण केले असेल, तर ती दुसऱ्या कॅमेऱ्यात अनेकदा नीट चालत नाही. ज्याने चित्रण केले तोच कॅमेरा, बंद पडलेला असला तरी, कॅसेटींसोबत मागून घ्या.